ऐंशी टक्क्यांचं टायगर मॉथ

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)



मागच्या भागाच्या शेवटी मी ओझरतं म्हणून गेले होते की गेली तीन वर्षं दर शनिवारी मी एका गॅरेजमध्ये विमान बांधायला जाते. त्यावर एका श्रोत्यांची ईमेल आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लाकूड नवं, कापड नवं, इंजिन मोटारीचं, आणि आकारसुद्धा मूळच्या ऐंशी टक्के. मग याचा इतिहासाशी संबंध काय? हे म्हणजे मोठ्या माणसांनी केलेलं मोठं खेळणं.

खरं सांगू? मला राग आला नाही. कारण पहिल्या शनिवारी मीही हेच म्हटलं होतं, फक्त मनात. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी संदर्भ. मी राहते कॅनडात, ओंटारिओमध्ये. आमचे शेजारी निवृत्त सुतार आहेत, हौशी वैमानिक आहेत. त्यांचं नाव सांगत नाही, इथे त्यांना नुसतं काका म्हणू. त्यांना मराठीचा गंध नाही, पण मी 'काका' म्हणते ते त्यांना आवडतं. तर काकांनी घेतलाय टायगर मॉथच्या प्रतिकृतीचा किट. अमेरिकेतल्या फिशर कंपनीने नव्वदच्या दशकात हे डिझाइन काढलं. दोन माणसांचं, लाकडी सांगाड्याचं, मूळ विमानाच्या ऐंशी टक्के मापाचं. किट म्हणजे तयार विमान नव्हे हं. लाकडाच्या पट्ट्या, नकाशे, काही धातूचे भाग आणि पुढची काही वर्षं, एवढं तुम्हाला मिळतं.

मूळ विमान कुठून आलं

टायगर मॉथची गोष्ट सुरू होते ती एका अर्ध्या इंजिनापासून.

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये रेनो कंपनीची व्ही-आठ इंजिनं भंगाराच्या भावाने पडून होती. जेफ्री डी हॅविलँड यांना हवं होतं सामान्य माणसाला, म्हणजे निदान सामान्य श्रीमंत माणसाला परवडेल असं छोटं विमान. त्यासाठी मधल्या ताकदीचं इंजिन बाजारात नव्हतं. फ्रँक हाफर्ड नावाच्या इंजिनिअरने त्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची चार सिलिंडरची एक रांग घेतली, तिच्यावर नवीन क्रँककेस बसवली आणि 'सिरस' इंजिन तयार केलं. ते इंजिन घेऊन २२ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिलं मॉथ उडालं. नाव मॉथ, म्हणजे पतंग, कारण डी हॅविलँडना फुलपाखरं आणि पतंग गोळा करायचा नाद होता. पुढे जिप्सी मॉथ, पुस मॉथ, लेपर्ड मॉथ अशी सगळी भावंडं निघाली.

पुढे भंगारातली इंजिनं संपली. मग हाफर्डनीच नवीन इंजिन केलं, त्याचं नाव 'जिप्सी'. आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी इंजिन चक्क उलटं केलं. सिलिंडर खाली, क्रँकशाफ्ट वर. फायदा साधा होता. पंखा उंचावर राहिला आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोरून सिलिंडरची डोकी खाली गेली, पुढचं दिसायला लागलं.

आता टायगर मॉथ. रॉयल एअर फोर्सला प्रशिक्षणाचं विमान हवं होतं, पण जुन्या मॉथमध्ये एक अडचण होती. प्रशिक्षक पुढच्या जागेवर बसायचा आणि त्याच्या डोक्यावर होती वरच्या पंखाच्या मधल्या भागातली पेट्रोलची टाकी, आजूबाजूला खांब आणि तारा. पाठीवर पॅराशूट घेऊन त्यातून बाहेर उडी मारायची तर माणूस अडकणार. म्हणून पंखाचा मधला भाग टाकीसकट पुढे सरकवला. पण विमानाचा तोल असा असतो की पंख पुढे नेले की उचल धरण्याची जागाही पुढे जाते, आणि शेपूट जड होतं. त्यावर उपाय म्हणून पंखांची टोकं मागे ओढली. टायगर मॉथचे पंख मागे झुकलेले दिसतात ना, किती ऐटबाज वाटतात! त्यात वेगाचा काही संबंध नाही. एका माणसाला जीव वाचवून बाहेर पडता यावं म्हणून ते तसे आहेत.

२६ ऑक्टोबर १९३१ रोजी ह्यूबर्ट ब्रॉड यांनी ते पहिल्यांदा उडवलं. पुढे एकूण आठ हजारांवर टायगर मॉथ बनली, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातल्या दोन-तीन देशांत मिळून.

ते शिकवायला चांगलं का, हेही सांगते. वैमानिक म्हणतात की टायगर मॉथ उडवायला सोपं आणि नीट उडवायला अवघड. झुकवण्याच्या झडपा, म्हणजे एलरॉन, फक्त खालच्या पंखांना. नुसती काठी डावीकडे नेली तर विमान झुकतं डावीकडे पण नाक ओढलं जातं उजवीकडे. पायाने सुकाणू दिलं नाही तर वळण विचित्र होतं, आणि उघड्या कॉकपिटमध्ये ती चूक गालावर कळते, कारण वारा एका बाजूने यायला लागतो. ब्रेक नाहीत. विजेची यंत्रणा नाही, पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. प्रशिक्षक विद्यार्थ्याशी बोलणार रबरी नळीतून. त्या नळीला 'गॉस्पोर्ट ट्यूब' म्हणतात, कारण १९१७ मध्ये गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी जी शाळा चालवली तिथली ती पद्धत. धोक्याच्या गोष्टी टाळायला नको, मुद्दाम करून त्यातून बाहेर यायला शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. टायगर मॉथ त्या विचाराचं विमान आहे. चूक लपवत नाही, पण बहुतेक वेळा चुकीसाठी जीव मागत नाही.

आपल्याकडचा धागा

भारतात हे घराणं फार ओळखीचं. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथमधून. त्यात जिप्सी थ्री हे इंजिन होतं, १२० अश्वशक्तीचं, उलटं बसवलेलं. सुरुवातीच्या टायगर मॉथमध्ये हेच इंजिन. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला, या वेळी लेपर्ड मॉथमधून. त्यात होतं जिप्सी मेजर, १३० अश्वशक्तीचं, म्हणजे नंतरच्या टायगर मॉथमधलं. तेव्हा १९३२ ला आणि १९८२ ला जुहूला ज्यांनी कान दिले असतील त्यांनी दोन्ही वेळा एकाच घराण्याचा आवाज ऐकला.

दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरच्या शाळांत भारतीय मुलं टायगर मॉथवर शिकली. युद्धानंतर फ्लाइंग क्लबांतही हीच विमानं. हवाई दलात त्यांची जागा पुढे एचटी-२ ने घेतली. ते हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेलं संपूर्ण धातूचं विमान, १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचं डिझाइन डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झालं. आपला माणूस. त्यांच्यावर एक वेगळा भाग करायचाय, माझ्या यादीत आहे.

आणि एक धागा घरातला. माझे आजोबा पन्नासच्या दशकात जुहूच्या विमानतळावर एका वर्कशॉपमध्ये होते. विमान उडवायचे नाहीत, विमानांचे पंख शिवायचे. लहानपणी आम्हाला ते सांगताना खोटं वाटायचं. पंख कुणी शिवतं का? पण घरात एक फूटभर लांब सुई होती आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ होतं. मच्छरदाणी फाटली, दप्तराचा बंद तुटला, की आजोबा ती सुई काढायचे आणि एक ठरावीक गाठ मारायचे. ती गाठ सुटली असं कधी झालं नाही. मी काकांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेले ती खरं तर त्या सुईमुळे. त्यांच्या भिंतीवर तशीच सुई टांगलेली दिसली.

माणसं ऐंशी टक्क्यांची होत नाहीत

आता किटकडे वळू. ऐंशी टक्के म्हणजे काय, ते वहीत मांडून बघूया. मला हा हिशेब फार आवडतो.

मूळ टायगर मॉथच्या पंखांची रुंदी ८.९४ मीटर. ऐंशी टक्के म्हणजे साधारण ७.१५. ठीक. पण पंखाचं क्षेत्रफळ दोन मापांचा गुणाकार, म्हणजे ०.८ गुणिले ०.८, ६४ टक्के. २२.२ चौरस मीटरचे झाले १४.२. आणि वजन जातं तीन मापांवर. ०.८ चा घन ०.५१२. म्हणजे ऐंशी टक्क्यांचं विमान वजनाने निम्मंच व्हायला पाहिजे.

मूळ विमान रिकामं ५०६ किलो, भरलेलं जास्तीत जास्त ८२८ किलो. मधला फरक ३२२ किलो, त्यात दोन माणसं, पेट्रोल, पॅराशूट वगैरे. आता हे सगळं ०.५१२ ने गुणा. भरलेलं विमान ४२४ किलो, रिकामं २५९. राहिले १६५ किलो. त्यात धडधाकट दोन माणसं बसली की संपलं. पेट्रोलला जागाच नाही!

गोम इथे आहे. विमान ऐंशी टक्क्यांचं करता येतं, माणूस करता येत नाही. म्हणून नुसती लहान नक्कल करून चालत नाही. सांगाडा मापाच्या हिशेबापेक्षाही हलका करावा लागतो, नाहीतर वजनाची मर्यादा वाढवून त्याप्रमाणे पंख मजबूत करावे लागतात. हलकेपणा ही इथे हौस नाही, गरज आहे.

आणि एवढ्या खटाटोपाचं फळ काय? मूळ विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३७ किलोंचा भार, मापात उतरवलेल्या विमानात तीसच्या आसपास. म्हणजे ते दहाएक टक्के कमी वेगाला हवेत तरंगत राहील, छोट्या इंजिनावर उडेल, छोट्या गवताळ पट्टीवर उतरेल. आणि वाऱ्याचा झोत आला की जास्त हलेल, तेही आलंच.

फुकट काही मिळत नाही. फोटोत पाहिलंत तर आत बसलेला माणूस राक्षसासारखा दिसतो. काका सहा फुटांचे आहेत. ते बसले की विमान त्यांनी अंगात घातल्यासारखं वाटतं.

सांगाडा, सरस आणि नऊ बरगड्या

मूळ टायगर मॉथचा मुख्य सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडाचे. आमच्या किटमध्ये धडही लाकडी आहे. बाजूंना पातळ पट्ट्या तिरक्या, एकमेकींना छेदत चिकटवायच्या, चटईसारख्या. एक पट्टी दाबली जाते तेव्हा तिला छेदणारी ताणली जाते, दोघी मिळून भार वाटून घेतात. या रचनेचं मोठं नाव घ्यायचं तर बार्न्स वॉलिस यांचं, त्यांनी तीसच्या दशकात वेलिंग्टन बाँबर अशा जाळीच्या सांगाड्यावर बनवलं, फक्त धातूत. म्हणजे बघा, ज्या काळात टायगर मॉथ शिकवत होतं त्याच काळातली एक बाँबरची युक्ती आज त्याच्या प्रतिकृतीत लाकडात आली आहे.

आणि लाकडी धडाचं टायगर मॉथ आधी झालेलं आहे! १९३५ मध्ये 'क्वीन बी' नावाची आवृत्ती निघाली. तोफखान्याला सरावासाठी रेडिओवर चालणारं, बिनमाणसाचं विमान. पाडण्यासाठीच बनवायचं, तर कशाला पोलाद घालवा? म्हणून धड लाकडाचं, स्वस्त आणि पाण्यावर तरंगणारं. जवळपास चारशे बनली. आज आपण ड्रोन म्हणतो त्या शब्दाचं मूळ बरेच जण या राणीमाशीशी जोडतात, कारण मधमाश्यांमधल्या नराला इंग्रजीत ड्रोन म्हणतात.

आता चिकटवण्याबद्दल. जुन्या लाकडी विमानांत केसीनचा सरस वापरायचे, दुधातल्या प्रथिनापासून केलेला. कोरड्या हवेत उत्तम. दमट हवेत मात्र त्याला बुरशी लागते, सांधा आतून सुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. जुहूच्या पावसाळ्यात याचा अर्थ काय होत असेल ते तुम्हीच बघा. आजोबा सांगायचे की पावसाळा संपला की पंखाला कान लावून बोटाने टकटक करत जायचं, आवाज बदलला की थांबायचं.

आता आपल्याकडे इपॉक्सी आहे. दोन भाग समान घ्यायचे, एकजीव करायचे, लावायचं. बुरशी नाही, पाण्याची भीती नाही. पण त्याचीही अट आहे, माप चुकायचं नाही आणि थंडीत घाई करायची नाही.

काकांचा नियम आहे की सरसाचा प्रत्येक घाणा झाला की त्यातूनच दोन लाकडी तुकडे चिकटवून बाजूला ठेवायचे, वर तारीख घालायची. दोन-तीन दिवसांनी ते तुकडे मोडायचे. लाकूड फाटलं तर घाणा चांगला. सांध्यावर सुटले, लाकूड तसंच राहिलं, तर त्या घाण्याने जोडलेलं सगळं संशयास्पद.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी एका शनिवारी नऊ बरगड्या केल्या. बरगडी म्हणजे पंखाला आकार देणारी आडवी चौकट, साच्यात पट्ट्या बसवून चिकटवायची. एका दिवसात नऊ म्हणजे माझा विक्रम. गॅरेज गार होतं, शेवटच्या घाण्याला मी घाईत नीट घोटलं नाही. पुढच्या शनिवारी काका यायच्या आधी मी माझा तुकडा मोडून पाहिला. सहज सुटला. लाकूड गुळगुळीत.

आता ऐका. त्या नऊ बरगड्या आधीच्या बरगड्यांच्या चळतीत ठेवल्या गेल्या होत्या. दिसायला सगळ्या सारख्या. दुसरा एक चांगला तुकडा तिथेच पडला होता, त्यावर तारीख घालायची राहिली होती. तो पुढे केला असता तर कुणाला कळलं नसतं. आणि खरं सांगते, मंडळी, मिनिटभर मी तो हातात धरून उभी होते. नऊ बरगड्या म्हणजे अख्खा दिवस, महागाचं लाकूड, आणि काकांसमोर माझी लाज.

मला आजोबांची सही आठवली. त्यांच्याकडे काम झालं की कार्डावर सही करावी लागायची, या पंखाचं कापड मी चढवलं म्हणून. ते म्हणायचे, सही अशी करायची की रात्री झोप लागली पाहिजे.

काका आल्यावर मी दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले. ते काही बोलले नाहीत. कुठल्या नऊ, हे मी पेन्सिलीने लिहिलं होतं म्हणून सापडल्या. त्यांनी त्या एकेक करून गुडघ्यावर मोडल्या. सहा फटक्यात सुटल्या, तीन मात्र लाकडातून फाटल्या, म्हणजे त्या चांगल्या होत्या. पण त्यांनी नऊच्या नऊ स्टोव्हजवळच्या सरपणात टाकल्या आणि साचा पुसून माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशी मी तीनच केल्या.

इतिहासाची पुस्तकं मी कॉलेजपासून वाचतेय. आठ हजारांवर विमानं हा आकडा मी कितीतरी वेळा उच्चारला असेल. पण त्या प्रत्येक विमानात अशा किती बरगड्या, प्रत्येक बरगडीत किती सांधे आणि त्या प्रत्येक सांध्यामागे कुणीतरी खरं बोललेलं असणार, हे मला त्या दिवशी कळलं.

कापड आणि गाठ

सांगाडा झाला की कापड चढवण्याआधी तपासणीस येतो. एकदा कापड चढलं की आतलं दिसणार नाही, म्हणून ही तपासणी सक्तीची. ती झाली, आम्ही पास झालो.

जुन्या काळी कापड लिननचं किंवा सुती. वर 'डोप' लावायचं, म्हणजे सेल्युलोजचं एक लुकण. ते सुकताना आकसतं आणि कापड ढोलकीच्या पानासारखं ताणून धरतं. वास डोक्यात जाणारा आणि जुनं नायट्रेट डोप तर भयंकर पेट घेणारं. आता पॉलिएस्टरचं कापड वापरतात, हो, साडीचं पॉलिएस्टर त्याच घराण्यातलं, फक्त विणकाम वेगळं. ते चिकटवायचं आणि कपड्यांची इस्त्री फिरवायची. उष्णतेने ते आकसून ताठ होतं. इस्त्रीचं तापमान मोजून ठेवावं लागतं, नाहीतर एवढं आकसतं की बरगड्या वाकतील. लिनन उन्हात ठेवलं की काही वर्षांत कुजायचं. पॉलिएस्टरलाही ऊन बाधतं, पण वर चांदी रंगाचा थर दिला की ते कितीतरी जास्त टिकतं.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. पंखाच्या वरच्या बाजूला हवा कापड वर ओढते. नुसत्या चिकटपट्टीवर ते सोडायचं नाही. म्हणून लांब सुई घेऊन वरून खाली, खालून वर, प्रत्येक बरगडीभोवती मेणाच्या दोऱ्याने शिवायचं, दर काही इंचांवर गाठ.

काकांनी ती गाठ दाखवली आणि माझे हात आपोआप पुढे गेले. दप्तराच्या बंदाची गाठ! तिचं इंग्रजी नाव 'सीन नॉट'. सीन म्हणजे मासे धरायचं ओढजाळं, आपली कोकणातली रापण. जाळ्याची गाठ विमानात गेली, तिथून जुहूच्या वर्कशॉपमध्ये, तिथून आमच्या मच्छरदाणीत आणि आता ओंटारिओतल्या एका गॅरेजमध्ये. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

जिप्सी ते जिप्सी

इंजिनाचं सांगायलाच हवं. मूळ जिप्सी मेजर सहा लिटरचं, चारच सिलिंडर, वजन सव्वाशे किलोंच्या वर. ऐंशी टक्क्यांच्या विमानाला ते जड. आजकाल अशा हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ घालतात, ऐंशी अश्वशक्ती आणि वजन साधारण निम्मं. पण ते आडवं आणि रुंद. टायगर मॉथचं नाक अरुंद आणि खोल आहे, त्यात ते घातलं की चेहरा बदलतो. शिवाय नाक हलकं झालं की तोलासाठी इंजिन आणखी पुढे न्यावं लागतं.

काकांनी घेतलं जिओ ट्रॅकर गाडीचं सुझुकी इंजिन. चार सिलिंडर एका रांगेत, अरुंद, नाकात छान बसतं. आणि गंमत ऐका. हे सुझुकीचं जी मालिकेतलं इंजिन. आपल्याकडे नंतरच्या मारुती जिप्सीत जे १.३ लिटरचं इंजिन होतं ते याच मालिकेतलं. म्हणजे एका जिप्सीच्या जागी दुसऱ्या जिप्सीचा भाऊ आला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले.

पण आवाज? तिथे मात्र हरलो आम्ही. जुनं जिप्सी मेजर निवांत चालायचं, मिनिटाला साधारण २,१०० फेरे, पंखा थेट क्रँकशाफ्टवर. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला सत्तर. सुझुकीला ताकदीसाठी पाच हजार फेरे लागतात. पंखा तेवढा वेगात फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाशी खेळू लागतात, म्हणून मध्ये वेग कमी करणारा पट्टा घालावा लागतो. पंखा हळू फिरतो, पण इंजिनाचे स्फोट सेकंदाला १६७. सूर एका सप्तकाहून वर गेला. १९३२ ला जुहूला जो आवाज आला तो या गॅरेजमधून येणार नाही. हे मान्य करून टाकूया.

ज्यांना तो आवाज ऐकायचाय त्यांच्यासाठी आपल्या हवाई दलाने एक खरं टायगर मॉथ इंग्लंडमध्ये दुरुस्त करून आणलं. २०१२ च्या वायुसेना दिनी ते हिंडनवर उडालं. ती वेगळी सेवा आहे आणि ती हवीच.

मग मूळ कोणतं?

आता श्रोत्यांच्या प्रश्नाकडे. नक्कल हुबेहूब हवी, असं त्यांच्या मनात आहे. पण कशाची हुबेहूब?

आमच्या गावापासून फार दूर नाही, टोरांटोच्या उत्तरेला डाउन्सव्ह्यूला, युद्धात टायगर मॉथ बनत होती. कॅनडाच्या हिवाळ्यात उघड्या कॉकपिटमध्ये पोरं गोठली असती, म्हणून त्यांना काचेचं छत आलं. बर्फावर घसरगुंडी नको म्हणून ब्रेक आले, शेपटीखालच्या घसरपट्टीच्या जागी चाक आलं. ब्रिटनहून इंजिनं कमी पडली तर काही विमानांत अमेरिकी इंजिन बसलं. कॅनडातल्या त्या प्रशिक्षण योजनेतून एक लाख ३१ हजारांहून अधिक वैमानिक, नॅव्हिगेटर आणि इतर विमानकर्मी तयार झाले, त्यातल्या कितीतरी जणांनी पहिलं उड्डाण या 'अशुद्ध' टायगर मॉथमधून केलं. त्यांना कुणी सांगायला गेलं नाही की बाबांनो, हे मूळ नव्हे.

आणि हुबेहूब नकलेचंही एक उदाहरण आहे. १७ डिसेंबर २००३ रोजी राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली. किटी हॉकला अतिशय अचूक, अभ्यास करून बनवलेली प्रतिकृती आणली. पाऊस होता, वारा पडलेला होता. ती रुळावरून धावली आणि पाण्याच्या डबक्यात बसली, उडाली नाही. लोक हिरमुसले. मला मात्र वाटतं त्या दिवशी त्या प्रतिकृतीने चांगला इतिहास शिकवला. १९०३ मध्ये त्या दोघा भावांना समोरून जोराचा वारा मिळाला होता आणि त्यांचं यंत्र यशाच्या अगदी काठावर होतं, हे पुस्तकातल्या एका ओळीपेक्षा त्या डबक्याने नीट सांगितलं.

तेव्हा माझं उत्तर असं. प्रतिकृती वस्तू जपत नाही. वस्तू जपायला संग्रहालय हवं. प्रतिकृती जपते ती कृती, म्हणजे बरगडी कशी करतात, गाठ कशी मारतात, तोल कसा काढतात, आणि आपला घाणा बिघडला हे कसं सांगतात. संग्रहालयातल्या पंखाला हात लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून कुणीतरी असा पंखही करायला हवा ज्याला हात लावता येतो.

आमचं विमान अजून उडालेलं नाही. इंजिन चालू करून झालं, गवतावर पळवून झालं. या उन्हाळ्यात काका एकटेच उडवतील, नियमाप्रमाणे ठरावीक तास दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही. त्यानंतर पुढची जागा माझी, असं त्यांनी कबूल केलंय. मी बसणार आहे. डोक्यावरच्या पंखात कुठल्या बरगड्या आहेत ते मला माहीत आहे, आणि कुठल्या नाहीत तेही.

आजोबांची सुई भावाकडे पुण्याला आहे. पुढच्या खेपेला घेऊन येणार आहे.

तुमच्या घरात अशी एखादी जुन्या कामाची वस्तू असेल, आणि ती कशी वापरायची ते सांगणारं कुणी घरात असेल, तर आजच विचारून घ्या. आणि जमलं तर मला लिहून कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.